लिव्ह अँड लायसन्स

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. एवढ्या रात्री फोन वाजला की आमच्या घरात आधी "कोण गेलं?" हाच प्रश्न डोळ्यांत येतो. कुणी गेलं नव्हतं. भाच्याने लॅपटॉपवर एका ऑपरेटिंग सिस्टिमची पूर्व-आवृत्ती, म्हणजे बाजारात यायच्या आधीची चाचणीची प्रत, चढवली होती आणि उजव्या कोपऱ्यात खाली काहीतरी लिहून यायला लागलं होतं.

"मामा, ते जात नाहीये. की टाकली, दोनदा टाकली. ॲक्टिव्हेट झालंय म्हणतंय, तरी कोपऱ्यातलं जात नाही."

"काय लिहिलंय ते नीट वाच आधी."

त्याने वाचलं. ते ॲक्टिव्हेशनबद्दल नव्हतंच. 'ही मूल्यांकनासाठीची प्रत आहे' असं लिहिलेलं होतं, सोबत बिल्डचा क्रमांक. की दोनदा काय, दोनशेदा टाकली तरी ते जाणार नव्हतं. त्याला तसं सांगितलं, तारीख कुठे बघायची ते सांगितलं आणि फोन ठेवला. मला मात्र बारा वाजेपर्यंत झोप लागली नाही. त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास. (नातेवाईक मंडळींनी कंटाळा आल्यास सरळ शेवटी जावं. तुमच्यासाठी लिहिलेलं तिथेच आहे.)

घर भाड्याने घेतलेल्या प्रत्येक मराठी माणसाला 'लिव्ह अँड लायसन्स' हा शब्द पाठ असतो. अकरा महिन्यांचा करार. घर तुमचं नाही, घरावर तुमचा हक्क नाही, ठरल्या मुदतीपुरतं राहायची फक्त परवानगी आहे. सॉफ्टवेअरचं अगदी तसंच आहे. दुकानातून खोका आणला तरी आपण घेतो ती परवानगी. आणि पूर्व-आवृत्ती म्हणजे तर बांधकाम चालू असलेल्या इमारतीत राहायला जाणं. भाडं नाही, पण प्लास्टर पडलं तर तक्रार करायची नाही, उलट कुठे पडलं ते मालकाला कळवायचं, आणि इमारत पूर्ण झाली की निघायचं.

गंमत म्हणजे सॉफ्टवेअरच्या चोरीचं पहिलं गाजलेलं प्रकरण घडलं तेच मुळी एका पूर्व-आवृत्तीवरून. १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर नावाचा हौशी लोकांचा संगणक निघाला. त्याच्यासाठी बिल गेट्स, पॉल ॲलन आणि मॉन्टे डेव्हिडॉफ यांनी बेसिक भाषा लिहिली. त्या जूनमध्ये अल्टेअर बनवणाऱ्या एमआयटीएस कंपनीची गाडी कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या एका हॉटेलात प्रात्यक्षिक दाखवायला आली होती. तिथून बेसिकची छिद्रं पाडलेली कागदी फीत कुणीतरी उचलली. डॅन सोकोल नावाच्या गृहस्थांनी तिच्या पन्नासेक प्रती काढल्या आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लबात वाटल्या. अट एकच, एक नेलीत तर पुढच्या वेळी दोन प्रती करून आणा. त्या फितीवरचं बेसिक अजून पुरतं तयार झालेलं नव्हतं, चुकांसकट ते घरोघर पोचलं.

फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. अल्टेअर बाळगणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय, हिशेब केला तर आमच्या मेहनतीचे तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत, असा त्याचा सूर होता. हौशी लोक चिडले. पुढच्या पन्नास वर्षांतलं सगळं भांडण त्या एका पत्रात आहे. एका बाजूला 'आम्ही घाम गाळला', दुसऱ्या बाजूला 'एकमेकांना दिलं तर बिघडलं कुठे?' मला दोन्ही बाजू पटतात, हीच माझी अडचण.

कुलूप आलं ते नंतर. आणि कुलपं दोन आहेत. भाच्याचा घोळ इथेच झाला, आणि फार लोकांचा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं कुलूप म्हणजे ॲक्टिव्हेशन. 'ही प्रत कुणाची?' एवढंच ते विचारतं. दुसरं म्हणजे मुदत. ते विचारतं 'आज तारीख काय?' इंग्रजीत याला 'टाइम बॉम्ब' म्हणतात. जरा भीतीदायक नाव आहे, पण आत एक तारीख कोरलेली असते एवढाच अर्थ. पहिलं कुलूप उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही. करार नोंदवला म्हणून अकरा महिन्यांचे बारा होत नाहीत, तसंच.

यातलं मुदतीचं कुलूप जुनं. विंडोज ९५ बाजारात आली २४ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत तिची पूर्व-आवृत्ती चक्क विकली, १९.९५ डॉलरला. ती नोव्हेंबर १९९५ मध्ये संपणार होती. म्हणजे लोकांनी पदरचे पैसे देऊन चुका शोधायचं काम घेतलं! ॲपलनेही तेच केलं. १३ सप्टेंबर २००० ला पॅरिसच्या प्रदर्शनात मॅक ओएस टेनची 'पब्लिक बीटा' जाहीर झाली, किंमत २९.९५ डॉलर, मुदत मे २००१ च्या मध्यापर्यंत. मार्च २००१ मध्ये १२९ डॉलरची पक्की आवृत्ती आली तेव्हा बीटावाल्यांना तीस डॉलरची सूट मिळाली. हा सौदा मला सरळ वाटतो. अनामत घेतली, घर तयार झाल्यावर वळती केली.

ॲक्टिव्हेशनचं कुलूप घरोघर पोचलं ते २००१ साली, ऑफिस एक्सपी आणि पाठोपाठ विंडोज एक्सपीबरोबर. एक्सपी तुमच्या मशीनमधल्या दहाएक भागांचा अंगठा घ्यायची. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे. मग तो अंगठा आणि तुमची की यांची जोडी कंपनीकडे नोंदवायची. तीस दिवसांत नोंद केली नाही तर आत प्रवेश बंद. इंटरनेट नसेल तर फोन करायचा आणि पडद्यावरचे लांबलचक आकडे वाचून दाखवायचे, पलीकडून आलेले आकडे लिहून घ्यायचे. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ज्यांनी हे केलंय त्यांना मनीऑर्डरचा फॉर्म भरणं सोपं वाटलं असेल.

मोठ्या कंपन्यांना हजार मशीनवर असा फोन करत बसता येणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी वेगळी प्रत आणि एकच सामाईक की असायची. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला दुकानात आली, आणि अशी एक की त्याच्या महिनाभर आधीच इंटरनेटवर फुटली होती. आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीच्या दुकानांत बराच काळ तीच चालली असावी, असा माझा अंदाज आहे. २००२ च्या सर्व्हिस पॅकने ती की अडवली तेव्हा बरेच लोक बाहेर राहिले.

इथे आपल्या, म्हणजे मराठी ब्लॉगवाल्यांच्या, आठवणीतली एक गोष्ट सांगतोच. एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला हवी असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजनल' मध्ये जाऊन जटिल लिप्यांची खूण करावी लागायची. खूण केली की ती म्हणायची, सीडी घाला. आता सीडी होती कुणाकडे? दुकानदाराने मशीन भरून दिलेलं, खोका नाही, सीडी नाही, बिलावर नुसतं 'पीसी १'. मग ज्याच्या घरी सीडी, त्याच्या घरी चकरा. मराठी अक्षरं जोडाक्षरांसकट उमटायला लागली तेव्हाचा आनंद अजून आठवतो. काना, मात्रा, वेलांटी सगळं आपापल्या जागी! परवाना हा शब्द माझ्यासाठी तेव्हा कायद्यातला नव्हता. मराठी दिसणार की चौकोन दिसणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

असो. विषय भरकटला.

कुलपांचा स्वभाव असा की कधीकधी ती मालकालाच बाहेर ठेवतात. २४ ऑगस्ट २००७ ला मायक्रोसॉफ्टच्या तपासणी सर्व्हरवर चुकून कच्चा, चाचणीतला कोड चढला. दुसऱ्या दिवशीपर्यंत पैसे मोजून घेतलेल्या प्रतीसुद्धा 'अस्सल नाहीत' ठरत होत्या. फटका बसलेल्या मशीन बारा हजारांहून कमी, असं कंपनीनेच नंतर सांगितलं. आकडा लहान आहे. पण त्या बारा हजारांतल्या एकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पावती हातात, आणि पडदा म्हणतोय तू चोर.

दुसरं उदाहरण याहून बोलकं. एका मशीनच्या पोटात अनेक मशीन चालवायचं सॉफ्टवेअर व्हीएमवेअर बनवते. १२ ऑगस्ट २००८ ला जगभरच्या सिस्टिम ॲडमिननी सकाळी पाहिलं तर ईएसएक्स ३.५ च्या 'अपडेट २' वर बंद असलेली आभासी मशीन सुरूच होईनात. चालू होती ती चालत राहिली, पण बंद केलेलं पुन्हा उठेना. कारण काय? पूर्व-आवृत्तीत घातलेली मुदत पक्क्या आवृत्तीतून काढायची राहून गेली होती. बारा तारीख उजाडली आणि पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांचे परवाने 'संपले'. तात्पुरता उपाय म्हणून लोकांनी काय केलं, तर मशीनचं घड्याळ दोन दिवस मागे नेलं. कंपनीचे प्रमुख पॉल मारिट्झ यांनी जाहीर माफी मागितली. त्यांची नेमणूक होऊन जेमतेम महिना झाला होता, बिचारे.

तरी मुदत घालण्यामागे कारण असतं, हे कबूल केलं पाहिजे. विंडोज ७ चीच गोष्ट घ्या. जानेवारी २००९ मध्ये तिची बीटा, म्हणजे बिल्ड ७०००, सर्वांसाठी खुली झाली. आधी पंचवीस लाखांची मर्यादा होती, पण पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की सर्व्हर बसले, आणि मग मर्यादाच काढून टाकली. त्या बीटात एक चूक होती. गाण्याची माहिती बदलायला गेलं की एमपीथ्री फाइलमधले काही सेकंद उडून जायचे. दुरुस्ती लगेच आली. पण ज्याने दुरुस्ती घेतलीच नाही त्याचं काय? अशी अर्धी मशीन जगात वर्षानुवर्षं फिरत राहिली तर गाणी तर जातीलच, शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळालेली उघडी दारं लाखोंनी राहतील. म्हणून मुदत. बीटाची १ ऑगस्ट २००९ ला संपणार होती, आणि त्याच्या महिनाभर आधीपासून मशीन दर दोन तासांनी आपोआप बंद होणार होती. मे २००९ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीची, बिल्ड ७१०० ची, मुदत १ जून २०१० होती आणि दर दोन तासांनी बंद पडणं १ मार्चपासून. हे सगळं आधी जाहीर केलेलं होतं. घरमालक आधी नोटीस देतो, मग पाणी तोडतो, शेवटी कुलूप लावतो. क्रम तोच.

बीटावरून पुढच्या आवृत्तीवर थेट जाताही येत नव्हतं. सगळं पुसून नव्याने बसवा, असं सांगितलं होतं. हुशार मंडळींनी सीडीतली एक बारकी फाइल उघडून त्यातला किमान बिल्डचा आकडा खाली आणला आणि वाट काढली. चालायचं. पण त्यामुळे मुदतीत काही फरक पडत नव्हता, आणि जुन्या चुका नव्या घरात आणल्याचं पाप आपलंच.

पुढे विंडोज ८ च्या वेळी पहिली पूर्व-आवृत्ती सप्टेंबर २०११ मध्ये आली. तिची मुदत मार्च २०१२ ची होती, ती वाढवून जानेवारी २०१३ केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज १० ची पूर्व-आवृत्ती आली आणि 'इन्सायडर' हा कायमचा प्रकार सुरू झाला. एक बिल्ड संपायच्या आत दुसरी घ्यायची, अशी साखळी. जून २०१५ मध्ये मोठा गोंधळ झाला. चाचणी करणाऱ्यांना पक्की आवृत्ती मिळेल असं कंपनीच्या ब्लॉगवर आलं, लोकांनी 'फुकट परवाना' असा अर्थ काढला, मग मजकूर बदलला, मग खुलासा आला. अर्थ एवढाच होता की चाचणी करत राहिलात तर प्रत चालू राहील, पण त्यामुळे स्वतःचा परवाना मिळत नाही. भाडेकरू इमारत रंगवायला मदत करतो म्हणून घर त्याच्या नावावर होत नाही.

आता भाच्यासारख्यांसाठी, चाळीसएक वेळा नातेवाइकांच्या मशीनपुढे बसून शिकलेलं थोडक्यात लिहितो.

सर्वांत आधी कोपऱ्यातलं वाक्य पूर्ण वाचा. 'ॲक्टिव्हेट करा' म्हणतंय की 'मूल्यांकन प्रत' म्हणतंय? पहिलं असेल तर परवान्याचा प्रश्न. दुसरं असेल तर काहीच बिघडलेलं नाही, ती नुसती पाटी आहे. मग 'विनव्हर' ही आज्ञा द्या. पूर्व-आवृत्ती असेल तर मुदतीची तारीख तिथे दिसते. परवान्याची हालहवाल बघायला व्हिस्टापासून 'एसएलएमजीआर' नावाची आज्ञा आहे.

मग आवृत्तीचा प्रकार बघा. होमची की प्रोला चालत नाही, आणि पूर्व-आवृत्ती बहुतेकदा प्रो नाहीतर एंटरप्राइझ असते. एंटरप्राइझ असेल तर ती इंटरनेटऐवजी कंपनीच्या आतला परवाना सर्व्हर शोधत बसते. घरात तो नसतोच, मग 'डीएनएस नाव सापडत नाही' अशी चूक येते आणि माणूस बिचारा राउटर बदलतो. राउटर बदलू नका, की बदला. आणि घड्याळ तपासा. मदरबोर्डवरचा सेल गेला की तारीख भलतीच होते, आणि परवाना तपासणाऱ्याला तारखेचा घोळ खपत नाही. घड्याळ मुद्दाम मागे नेऊन मुदत वाढवायच्या फंदात पडू नका. दोन दिवस चालेल, मग सुरक्षित वेबसाइट उघडेनाशा होतील आणि फाइलींच्या तारखांचा बट्ट्याबोळ होईल तो वेगळाच.

मदरबोर्ड बदललाय? मग अंगठा बदलला, नव्याने नोंद करायला हवी. २०१६ पासून परवाना आपल्या खात्याला जोडता येतो, तो मशीन उघडायच्या आधी जोडा. आणि सगळं बरोबर असूनही चालत नसेल तर एक दिवस थांबा. ८ नोव्हेंबर २०१८ ला सर्व्हरच्याच चुकीने विंडोज १० प्रोच्या अनेक अस्सल प्रती अचानक 'ॲक्टिव्हेट नाही' म्हणायला लागल्या होत्या. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं बहुतेक आपोआप ठीक झालं. ज्यांनी घाबरून मशीन फॉरमॅट केलं असेल, त्यांचं दुःख मी समजू शकतो.

आता झोप का लागली नाही ते.

बाबा निवृत्त झाल्यावर मी त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्यांना घराण्याची हकीकत लिहायची होती. आजोबा कोकणातून कसे निघाले, गिरणीत कसे लागले, कोणाची मुंज कुठे झाली, सगळं. मी तेव्हा नव्याच्या नादात. पक्की प्रत घ्यायचं सोडून मी त्यांच्या मशीनवर एका सिस्टिमची पूर्व-आवृत्ती बसवली. कुठली ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मुदत स्वच्छ लिहिलेली होती. 'बाबा, बघा, अजून बाजारात नाही आणि तुमच्याकडे आहे!' असं ऐटीत म्हणालो आणि परत आलो. तारीख विसरलो.

मुदत जवळ आली तशी मशीन मध्येच आपोआप बंद पडायला लागली. आधी इंग्रजीत सूचना यायची. बाबा ती 'ओके' करायचे, कारण मीच सांगितलं होतं, काही आलं तर ओके करा. एका बोटाने टाइप करत जमवलेला परिच्छेद जतन करायच्या आत जायचा. त्यांना वाटलं, आपल्याच हातून काही चुकतंय. मला एकदाही सांगितलं नाही. आईने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "हल्ली लिहायला बसत नाहीत फारसे." मी म्हणालो, "कंटाळले असतील."

ते गेल्यावर कपाटात एक वही सापडली. ज्या पानावर हकीकत थांबली आहे त्याच्या समासात पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या आहेत. 'सकाळी १०.४० बंद. दुपारी ४.१५ बंद. आज दोनदा तेच पान लिहिले.' बँकेत आयुष्यभर नोंदी ठेवलेला माणूस, इथेही नोंदच ठेवली. शेवटची ओळ आहे, 'पुढच्या खेपेस त्याला विचारावे.'

पुढच्या खेपेस मी गेलो तेव्हा मशीन पुसून नवी प्रत टाकली. दहा मिनिटं हसत हसत बोललो, निघालो. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. हकीकत आजोबांच्या गिरणीतल्या पहिल्या पगारापाशी थांबली ती थांबलीच.

म्हणून भाच्याला सकाळी उठल्या उठल्या फोन केला. म्हटलं, तुझ्या मशीनवर हवं ते चढव, शिकायचं वय आहे. पण काल म्हणालास की आजीचे फोटो आणि तिची रेकॉर्ड केलेली गाणी त्याच लॅपटॉपवर आहेत. ती आधी दुसरीकडे काढ. आणि मुदतीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिही, दुधाच्या हिशेबाशेजारी.

"मामा, एवढं काय त्यात?" तो म्हणाला.

काही नाही रे. तुझी आजी विचारणार नाही, म्हणून सांगितलं.